कानडी पावणं

चन्नाप्पा हुक्केरींना, म्हणजे आमच्या अण्णांना, लोंबकळणारी कुठलीही वस्तू दिसली, की ती ओढून बघितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. पिशवीचा बंद असो, पडद्याची दोरी असो, नाहीतर कुणाच्या गळ्यातला मफलर असो. अण्णांचा हात जाणार, एक हिसका बसणार आणि निकाल लागणार. "दम हाय." किंवा "दम न्हाय." एवढंच. या निकालावर अपील नव्हतं.

दोष त्यांचा नव्हता, धंद्याचा होता. लक्ष्मीपुरीत त्यांचं दोरखंडाचं दुकान. बैलांचे कासरे, म्हशींची दावी, विहिरीचे दोर, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं टांगलेलं. गिऱ्हाइकानं नुसता हात फिरवून बघितलं तर अण्णांना राग यायचा. "वढून बघा की! दोरी हाय, पैठणी न्हवं!" जन्मभर अशी ओढाओढ केलेला हात घरी येऊन गप्प कसा बसणार?

एकदा गारगोटीच्या एस्टीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली आणि कंडक्टरच्या घंटेची दोरी नेमकी डोक्यावरून गेलेली. अण्णांनी बराच वेळ मन मारलं. शेवटी राहवलं नाही. बस भर माळावर थांबली. कंडक्टर ओरडत आला, "कोण उतरतंय हितं?" कुणीच उतरत नव्हतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "दोरी बदला. दम न्हाय." पुतणीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्याच ओढून बघितल्या आणि त्या त्यांच्या हातात आल्या. दुसऱ्या मुंडावळ्या मिळेपर्यंत सगळं वऱ्हाड हातात अक्षता धरून ताटकळलं. अण्णा मात्र आमच्या शेजारी येऊन बसले ते समाधानानं. "बरं झालं, आत्ताच कळलं," म्हणाले.

मी त्यांची शेजारीण. उत्तरेश्वर पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लावून, मागं दोघांचं परडं आणि मधे कमरेएवढी भिंत. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळा सकाळची, त्यामुळं दुपारभर शेजारी काय चाललंय ते बघायला मी मोकळी. अण्णा मला 'बाई' म्हणायचे. अख्खी पेठच म्हणायची. तर अशा या दोरीवाल्याच्या घरी मी एक कुत्रं नेऊन ठेवलं, आणि त्या कुत्र्याला जगात सगळ्यात जास्त भीती कशाची होती, तर दोरीची. यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्यावा.

झालं असं, की आम्ही नवराबायको कागलला एक लग्न उरकून स्कूटरवरून परत येत होतो. हायवेवर एका ढाब्याशी चहाला थांबलो, तर तिथं जुन्या टायरांच्या मागं काहीतरी थरथरताना दिसलं. तांबूस रंगाचं, कान पडलेलं, हाडाचा सापळा झालेलं कुत्रं. गळ्यात नायलॉनची दोरी. लहानपणी कुणीतरी बांधली असणार. कुत्रं वाढलं आणि दोरी तेवढीच राहिली. ती कातड्यात रुतून बसली होती. ढाबेवाला म्हणाला, "बेळगावकडनं एक ट्रक आल्ता, त्यातनं पडलं. दोन दिस झालं, जाग्यावरनं हलंना." आमच्या ह्यांना लग्नात आहेर म्हणून टॉवेल मिळाला होता. त्यात ते गुंडाळलं, मी मांडीवर घेतलं, आणि पैठणी नेसून, केसात गजरा माळून, मांडीवर मुतणारं कुत्रं घेऊन मी कोल्हापुरात प्रवेश केला.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोरी कापली, टाके घातले आणि सांगितलं, "जखम भरेल. पण हे फार भ्यालेलं आहे. याला दोनतीन महिने शांत घरात ठेवा. बांधायचं नाही, ओरडायचं नाही. माणसावर विश्वास बसला की मग याला चांगलं घर बघू." आमच्या घरी ठेवावं तर सासूबाईंना दमा. कुत्र्याचा केस नाकाशी गेला की त्यांचा भाता सुरू. मी भिंतीवरून अण्णांना हाक मारली. अण्णांच्या मागच्या खोलीत कुणी राहत नव्हतं.

अण्णांनी कुत्र्याकडं बघितलं. "माझं काय न्हाय. घरात इचारा," म्हणाले. घरात म्हणजे मुलगा महेश आणि सून सुनीता. महेश शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला, सरळमार्गी. सुनीताला कुत्र्याची लहानपणापासून भीती. तिनं पदर दातात धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणताय म्हणून. पर दिवाळीपतोर. दिवाळीनंतर मी आयकून घ्यायची न्हाय." मी शब्द दिला. दिवाळीच्या आत त्याला घर शोधून देणं माझ्याकडं.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

"नाव कशाला?" अण्णा म्हणाले. "पावणं हाय. चार दिस ऱ्हाईल, जाईल." आणि तेव्हापासून त्याचं नाव पावणं.

पावण्याला मागच्या खोलीत सोडलं मात्र, त्यानं अशी किंकाळी फोडली की सासूबाई जपाची माळ टाकून बाहेर आल्या. त्या खोलीत छतापर्यंत काथ्याच्या दोऱ्यांची भेंडोळी रचलेली होती. बिचारं भिंतीवर चढायला बघत होतं, आणि भिंतीला पाय पुरत नव्हते. अण्णांनी एकदा कुत्र्याकडं बघितलं, एकदा भेंडोळ्यांकडं. संध्याकाळी हातगाडी आली आणि सगळा माल दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी परड्यातली कपडे वाळत घालायची दोरी उतरली. सुनीताची धुणी त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर. ती बादली घेऊन जिना चढायची आणि दर पायरीला सासऱ्यांना एकेक नवीन विशेषण लावायची. पण कळस पुढंच होता. अण्णा घरी नाडीचा लेंगा घालायचे. नाडीचं टोक हललं की पावणं कॉटखाली. अण्णांनी शिंप्याकडं जाऊन सगळ्या लेंग्यांना इलास्टिक लावून आणलं. ज्या माणसानं आयुष्यभर इलास्टिकला शिव्या घातल्या, 'ज्येला गाठ न्हाय त्येला अब्रू न्हाय' असं दुकानात बसून जाहीर केलं, तो माणूस इलास्टिकचा लेंगा एका हातानं वर ओढत परड्यात फिरताना मी डोळ्यांनी बघितला.

पण पावणं खाईना. अण्णांचं घर लिंगायताचं, शाकाहारी. दूधभाकरी ठेवली, दहीभात ठेवला, गूळशेंगदाणे ठेवले. सगळं तसंच. माणूस खोलीत असेपर्यंत ते कॉटखाली कोपऱ्यात अंग चोरून बसायचं आणि नुसती बुबुळं फिरवायचं. अण्णा दाराशी उकिडवे बसून हाका मारायचे, "ये, ये की! ये की रं!" अण्णांचा आवाज दोरखंडाच्या बाजारात कमावलेला. त्यांनी प्रेमानं 'ये' म्हटलं तरी समोरच्याला वाटावं, आता मार बसतोय.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर अण्णा भिंतीशी माझी वाट बघत उभे. चेहरा असा, की जणू गुन्हेगार सापडलाय.

"बाई, आपलं चुकलं," म्हणाले. "ते ट्रकातनं पडलं त्यो ट्रक कुठनं आल्ता?"

"बेळगावकडनं."

"मग! कुत्रं कानडी हाय. आपण चार दिस झालं त्येच्या म्होरं मराठी बोलतोय. त्येला वाटतंय, ह्यी माणसं शिव्या द्याय लागल्यात."

मी हसले. अण्णा हसले नाहीत. ते खोलीत गेले, दार अर्धं लोटलं आणि आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, दुसराच कुणी माणूस आलाय. अण्णा हळू बोलत होते. "इल्ली बा... अंजबेडा... ऊटा माडु बा." इकडं ये, भिऊ नको, जेवायला ये. हे अर्थ मला नंतर कळले. तेव्हा एवढंच कळलं, की या माणसाला खालच्या पट्टीतही बोलता येतं. थोड्या वेळानं बशी जमिनीवर सरकल्याचा आवाज झाला. पावणं दूध पीत होतं.

तेव्हापासून अण्णांचा सिद्धांत पक्का झाला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही हळू बोललात म्हणून ते आलं असेल." त्यांनी माझ्याकडं, ढ पोराकडं मी बघते तसं बघितलं. "बाई, तुमाला कानडी येतंय?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

अण्णांचं स्वतःचं कानडी घरचंच. आई कानडी बोलायची, आणि बायको शांतव्वा संकेश्वराकडची. त्यांना जाऊन तीनेक वर्षं झाली होती. त्या होत्या तोवर भिंतीपलीकडून कानडी कानावर पडायचं. नंतर बंद झालं ते इतकं सावकाश, की माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता मात्र सगळ्या बोळाला कानडी सक्तीचं झालं. पावण्यासमोर मराठी बोलायचं नाही, हा अण्णांचा हुकूम. दूधवाला दारात येऊन 'दूध' म्हणायच्या ऐवजी 'हालु' म्हणू लागला. पोस्टमन अण्णांच्या दाराशी आला की टपाल देऊन, दबक्या आवाजात "अंजबेडा, अंजबेडा" म्हणत मागं मागं सरकायचा. भीती त्यालाच वाटायची, पण धीर तो कुत्र्याला द्यायचा. आमचे हे ऑफिसला जाताना भिंतीवरून "आरामदीरी?", बरं आहे ना, असं विचारायचे. कुत्रं काही उत्तर द्यायचं नाही, अण्णा द्यायचे. लांबलचक द्यायचे. ह्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण मान हलवून ऐकून घ्यायचे आणि मस्टर चुकवायचे.

एकटी सुनीता बोलायची नाही. "मला न्हाय बाई ती भाषा येत. मी आपली लांबनं बशी सरकवतो," म्हणायची. आणि खरंच, तव्यावरची भाकरी परतायच्या लांब उलथन्यानं ती बशी पुढं ढकलायची.

पावणं हळूहळू कॉटखालून बाहेर आलं. मग उंबऱ्याशी. मग परड्यात. अण्णा दुकानातून आले की त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर बसायचं. त्यापेक्षा जवळ नाही. अण्णांनीही कधी हात पुढं केला नाही. ज्यांना समोर दिसेल ते ओढायची खोड, ते अण्णा दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. एक दिवस पावण्यानं आपणहून त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. अण्णांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तरी ते उठले नाहीत. सुनीतानं जेवायला दोनदा हाक मारली, त्यांनी नुसता हात हलवून नाही म्हटलं. शेवटी उठले तेव्हा लंगडत उठले आणि मला भिंतीवरून म्हणाले, "दम हाय त्येच्यात."

आता माझं एक गुपित सांगायला हरकत नाही. आम्ही मटण खाणारे. दर रविवारी जेवण झालं की मी दोन हाडकं कागदात बांधून भिंतीवरून पलीकडं सोडायची. शाकाहारी घरात हे बरं नव्हे, पण त्या सापळ्याकडं बघून माझ्यानं राहवायचं नाही. अण्णा संध्याकाळी परड्यात येऊन नाक वर करायचे. "बाई, वास कशाचा येतोय?" मी म्हणायची, "सुंठीचा." "सुंठ हाय व्हय," म्हणून ते आत जायचे. पुढच्या रविवारी ते दुपारीच दुकानाला जातो म्हणून बाहेर पडले. रविवारी लक्ष्मीपुरीतलं त्यांचं दुकान उघडं असल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

अशाच एका रविवारी मी सवयीनं बोलून गेले, "ये रे शोन्या, खा लवकर. अण्णा यायच्या आत." पावणं शेपूट हलवत आलं. मी चमकले. म्हटलं, बघू तरी. "बस खाली." बसलं. "इकडं नको, तिकडं कोपऱ्यात नेऊन खा." हाडूक उचलून कोपऱ्यात गेलं. मराठी उत्तम. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा उत्तम.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हाडकंही उघडी पडली असती. शिवाय अण्णांचा रोजचा कार्यक्रम मी बघत होते. संध्याकाळी पायरीवर बसून ते तासभर पावण्याशी कानडीत बोलायचे. मराठीत दोन शब्दांत दुकान बंद करणारा हा माणूस कानडीत हातवारे करायचा, थांबायचा, पुन्हा सुरू करायचा, मधेच स्वतःशी हसायचा. एकदा मी विचारलं, "एवढं काय सांगत होता?" अण्णा उठता उठता म्हणाले, "काय न्हाय. काथ्या म्हागलाय, ते सांगत हुतो."

दिवाळी जवळ येत चालली तशी मी घर शोधायला लागले. शाहूपुरीतला एक किराणा दुकानदार आला. अण्णांनी विचारलं, "कानडी येतंय?" नाही म्हटल्यावर त्याला चहा पाजून परत पाठवला. मग आमच्या शाळेतल्या एक बाई तयार झाल्या. मी त्यांना चार शब्द घोटून घेऊन पाठवलं. अण्णांनी दारातच तोंडी परीक्षा घेतली आणि नापास केलं. "बाई चांगल्या हैत," मला म्हणाले, "पर त्यांचं 'बा' लई कडक हाय. कुत्रं दचकंल." तिसरे एक पोलीस खात्यातले होते. त्यांचा आवाज ऐकूनच अण्णा म्हणाले, "ह्यास्नी कुठलीच भाषा नगं."

मला राग आला. शब्द मी दिलेला, सुनीता रोज कॅलेंडरकडं बोट दाखवणार, आणि हे महाशय प्रत्येकाला कानडीचा पेपर देणार! म्हटलं, थांबा. तुम्हाला कानडीच पाहिजे ना? मी डॉक्टरांना गाठलं. त्यांच्या ओळखीचे निपाणीचे हिरेमठ गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. दोघं निवृत्त, मोठं परसदार, त्यांचा म्हातारा कुत्रा नुकताच गेलेला, आणि घरात चोवीस तास कानडी. मी तिथल्या तिथं रविवार ठरवला. घरी येताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ भिंतीवरचं शेवाळ खरवडत राहिले. मग म्हणाले, "कानडी हैत म्हंजे मग काय. येऊ देत की."

रविवारी दुपारी जीप आली. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला टोपी. अक्का, म्हणजे हिरेमठबाई, उंबऱ्यातच म्हणाल्या, "आरामदीरी अण्णार?" आणि अण्णांचं तोंड उघडलं ते मिटेचना. मी आणि सुनीता भिंतीला टेकून बसलो होतो. आम्हाला काही कळत नव्हतं. महेशला कळत होतं, तो नुसता ऐकत होता. अण्णा मांडीवर थाप मारून हसत होते. गुरुजींनी काहीतरी सांगितलं, अण्णांनी त्यावर ताण केली, अक्का पदरानं डोळे पुसायला लागल्या. मधेच एखादं गावाचं नाव कळायचं, संकेश्वर, घटप्रभा. दोनदा 'शांतव्वा' ऐकू आलं. त्या घरात ते नाव कुणी घेतलेलं मी फार दिवसांनी ऐकत होते. बाहेर ऊन उतरलं. सुनीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, मामंजी असं बोलत्यात, मला ठावंच न्हवतं."

अक्कांनी पावण्याला हाक मारली. ते आधी अण्णांच्या मागं दडलं. त्यांनी पुन्हा मारली, अगदी मऊ आवाजात. पावणं उठलं, त्यांचा हात हुंगला आणि शेपूट हललं. मी अण्णांकडं बघितलं. ते हसत होते, पण हसू चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं.

काही म्हणता काही खोट निघत नव्हती. प्रेमळ माणसं, मोठं परसदार, हवी ती भाषा. गुरुजींनी पिशवीतून कातडी पट्टा काढला. पट्टा बघताच पावणं जमिनीला चिकटलं. "नगं, नगं," अण्णा म्हणाले. "मी आणतो त्येला." त्यांनी त्याला दोन्ही हातांवर उचललं, बाहेर नेलं आणि जीपच्या मागच्या बाकावर ठेवलं. त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मागं सरकले. बोळातली माणसं दारादारांत उभी होती. दूधवाला पण थांबला होता. गुरुजी आणि अक्का जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"अक्का," अण्णा एकदम मोठ्यानं म्हणाले, मराठीत. "येक सांगायचं ऱ्हायलं. त्येला मराठी येतंय."

अक्कांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

"कुत्र्याला मराठी येतंय. बाईंचं समदं आयकतंय. हाडकं खायला मराठीत जातंय." माझ्या अंगाला घाम फुटला. "मला पैल्यापास्नं ठावं हाय. मी खोटं बोललो."

"मग कानडी?" गुरुजींनी विचारलं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "कानडी मला पायजे हुतं," म्हणाले. "ही गेल्यापास्नं घरात कोण बोलणार? म्हेशाला कळतंय, पर त्यो उत्तर मराठीत देतोय. सुनंला येत न्हाय, तिची काय चूक? दुकानात बोलावं तर गिऱ्हाइकाला वाटतंय, म्हातारं भाव वाढवाय लागलंय. मी आपला मनातल्या मनात बोलत हुतो, अक्का. मग मनातबी मराठीच याय लागलं. हिचं बोलणं आठवंना मला. काय म्हणायची ते आठवायचं, कसं म्हणायची ते आठवंना. भ्या वाटलं. आनि मग हे कुत्रं आलं. त्येच्यासंगं बोललो तर कोण हसलं न्हाय. उलट समदा बोळ बोलाय लागला." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तुमचं घर चांगलं हाय. कुत्रं तुमच्यात सुखात ऱ्हाईल. न्या. पर खोटं सांगून पाठवायचं बरं न्हवं, म्हणून सांगितलं."

महेश खाली मान घालून दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं काढत होता. अक्का जीपमधून उतरल्या. त्यांनी मागचं दार उघडं टाकलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. पावणं बाकावरून खाली उतरलं, सरळ अण्णांच्या दोन पायांच्या मधे येऊन उभं राहिलं आणि तिथंच थरथरत राहिलं. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अक्का त्यांच्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. मी नंतर महेशला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "महिन्याकाठी येऊ म्हणाल्या. बोलायला." एवढं सांगून त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

जीप गेली. अण्णा पायरीवर बसले. मला त्यांच्याजवळ जायचं धाडस होईना आणि घरी जाववेना, म्हणून मी भिंतीशी उभी राहिले. कुणाला घर मिळवून देत होते मी, आणि कुणाकडून काढून घेत होते! माझे डोळे भरून आले होते हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण काळजी वेगळीच होती. शब्द दिला होता तो सुनीताला. सुनीता मघाशीच उठून आत गेली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो आवाज रागाचा आहे की कसला, मला ठरवता येईना.

थोड्या वेळानं आतून हाक आली.

"ऊटा माडु बा!"

सुनीताचा आवाज. पावण्याचे कान उभे राहिले आणि ते उठून आत पळालं. आतून ती म्हणाली, "तू न्हवं रं! तुला देतो मागनं." मग ती स्वतः दारात आली. हातात लाटणं, कपाळाला पीठ. तिला तेवढंच कानडी येत होतं; घरात रोज ऐकलेलं, कुत्र्याला बोलवायचं. दुसरं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, सासऱ्यांकडं बघितलं आणि लाजत, पण स्पष्ट, पुन्हा म्हणाली, "ऊटा माडु बा."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, हसतील. नाहीतर चूक सांगतील, की सासऱ्याला असं एकेरीत बोलवत नाहीत. त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बंदे, अव्वा, बंदे." आलो, आई, आलो. आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेले.